वरणावरच्या तुपाचा प्रश्न

लेस्टरहून एका आईने कळवले आहे की त्यांच्या १७ वर्षांच्या मुलीने दूध, दही, तूप सगळेच सोडले असून, तिची हाडे ठिसूळ होतील या धास्तीने त्या तिच्या वरणात गुपचूप चमचाभर तूप घालतात. ताई, तुमची काळजी मला पूर्ण कळते. तरीही हे तूप आजच थांबवा. ज्या दिवशी तिला ते समजेल, त्या दिवसापासून ती तुमच्या हातचे काहीही निर्धास्तपणे खाणार नाही.

तिने हे का ठरवले, ते आधी शांतपणे विचारा. कुणाला दूध पचत नाही, कुणाला हवामानबदलाची चिंता असते, तर कुणाला जनावरांचे हाल सोसवत नाहीत. दूध पचत नसेल तर थोडे तूप बहुधा चालून जाते. पण कारण करुणेचे असेल, तर तिच्या लेखी चमचाभर तूप हे थोडे नसते.

आपल्या शाकाहारी घरांना हेच उमगायला जड जाते. माझ्या आजोळी गाय व्यायली की चिकाचा खरवस व्हायचा, वेलचीचा वास माजघरभर दरवळायचा आणि त्याच वेळी खुंट्याला बांधलेले वासरू गोठ्यात हंबरत असायचे. तो चीक कुणाच्या वाट्याचा, हे मी कधी विचारले नाही. मोठ्या दुग्धव्यवसायात तर गाय दुधात राहावी म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवतात आणि वासराला बहुतेकदा काही तासांत किंवा दिवसांत तिच्यापासून वेगळे करतात. हे मनाला लागलेल्या मुलीचा निर्णय नुसता हट्ट म्हणून झटकू नये. शिवाय दूध-तुपासह प्राण्यांपासून मिळणारे काहीच न घेणाऱ्यांसाठीचा 'वीगन' हा शब्द रूढ करणारे डोनाल्ड वॉटसन तुमच्याच लेस्टरमध्ये सुतारकाम शिकवत. १९४४ साली त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह वीगन सोसायटी स्थापन केली.

स्वयंपाकाची फार चिंता नको. मटकीची उसळ, पिठले-भाकरी, थालीपीठ, सोलकढी यांत दूध नसतेच. बी-१२ मात्र कोणत्याही उसळीतून मिळत नाही. त्याची रोज किमान १० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी तिने न चुकता घ्यावी, यात तडजोड नको. हाडांसाठी नाचणी, तीळ आणि कॅल्शियम घातलेले सोया दूध द्या. ते कॅल्शियम तळाशी बसते, म्हणून डबा नीट हलवूनच ओता. ब्रिटनच्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाचीही गोळी लागेल, पण नेहमीची डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते. लायकेनपासून केलेली मागा. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल त्याच वर्गातले.

गणपतीच्या दिवशी पंचामृत तिने घेतले नाही, तर पाहुण्यांसमोर विषय काढू नका. उकड तेलावर काढा आणि तुपाची धार सोडण्याआधी चार मोदक तिच्यासाठी वेगळ्या ताटलीत काढून ठेवा.