स्कायरिम आवडलेल्या माणसाने आज मॉरोविंड खेळावा का?

‘एल्डर स्क्रोल्स’ या संगणकावरच्या खेळमालिकेतला स्कायरिम संपवल्यावर त्याच मालिकेतला २००२ सालचा जुना खेळ मॉरोविंड घ्यावा का, आणि त्यात जायचे ठिकाण दाखवणारा बाण नसतो हे खरे का, असे आपण विचारले आहे. अवश्य घ्यावा. बाण नसतो हेही खरे आहे आणि माझ्या मते त्या खेळाची थोरवी त्यातच आहे.

याच मुद्द्यावर माझा मामेभावाशी वाद झाला होता आणि तो आजही मिटलेला नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य असते, म्हणून सुट्टीत तो आमच्याकडे आला की आम्ही संगणकापुढे बसत असू. मॉरोविंडमधल्या बालमोरा गावातल्या हास्फाट या पात्राने आर्कंगथँड या ड्वेमर, म्हणजे खेळातल्या एका लुप्त जमातीच्या, अवशेषांतून कोड्याची पेटी आणायला सांगितली आणि वाट शब्दांत सांगितली: गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पडून ओडाई नदी ओलांडायची, मूनमॉथ किल्ल्यावरून पुढे जायचे आणि ड्वेमरांचा जुना पूल पार करायचा. आम्ही पूल चुकलो, राखेच्या दरीत उतरलो, वरून क्लिफ रेसर हे उडणारे हिंस्र प्राणी तुटून पडले. शेवटी दार सापडले, तर जवळच्या नळीवरचे हँडल फिरवल्याशिवाय ते उघडेना. मामेभाऊ वैतागून म्हणाला, “ज्याला वाट दाखवता येत नाही तो खेळ अर्धवट बनवलेला आहे, इंटरनेटवर उत्तर बघ.” मी साफ नकार दिला. माझे वडील पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांना सूत पोहोचवत असत. तिथल्या गल्ल्यांचे पत्ते त्यांना असेच खुणांवरून सांगितले जात आणि एकदा शोधलेला कारखाना ते पुन्हा कधी विसरत नसत. आर्कंगथँडची वाट मला आजही तशीच पाठ आहे. स्कायरिममध्ये बाणामागे धावत गाठलेल्या गुहांपैकी एकीचीही वाट मला सांगता येणार नाही.

मॉरोविंडमधले स्वातंत्र्यही मालिकेतल्या नंतरच्या खेळांत उरले नाही. मुख्य कथेतले महत्त्वाचे पात्र आपण मारू शकतो. भविष्यवाणीचा धागा तुटला आहे एवढे खेळ बजावतो आणि पुढे खेळू देतो.

दोष मात्र लपवण्यासारखे नाहीत. तलवार शत्रूच्या अंगाला लागलेली डोळ्यांना दिसते, तरी वार बसला की नाही हे आतला हिशेब ठरवतो. शस्त्राचे कौशल्य कमी असेल आणि पळून दम संपलेला असेल, तर बहुतेक वार वाया जातात. म्हणून सुरुवातीला एकच शस्त्र मुख्य कौशल्य म्हणून निवडावे आणि लढाईपूर्वी चालत जावे. नोंदवही मुळात तारखेप्रमाणे भरत जाते व तिच्यात जुने काम शोधणे हा छळच असतो. ट्रायब्युनल या जोडखेळाने कामांची यादी दिल्यावर ते थोडे सुसह्य झाले. बुद्धी वाढवणारी औषधे पिऊन त्याहून जालीम औषधे बनवत राहिल्यास सारा समतोल ढासळतो. काही ठिकाणी सांगितलेली वाटही मोघम आहे, एवढे मी मामेभावाला मान्य करतो.

बाण ही केवळ सोय आहे, नको असेल त्याने तो बंद करावा, हे त्याचे म्हणणे मात्र मला मुळीच मान्य नाही. स्कायरिममध्ये बाण बंद करून पाहा: बहुतेक पात्रे गुहेचे नाव सांगून थांबतात, वाट सांगतच नाहीत, कारण ती बाण दाखवणार हे गृहीत धरूनच त्यांचे संवाद लिहिलेले आहेत.