देवराई ‘साफ’ करायची?

प्रश्न : आमच्या गावी वाघजाईचं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं घाटतंय. खर्चासाठी देवराईतली, म्हणजे देवीच्या नावानं राखलेल्या जंगलातली, चार जुनी झाडं विकावीत, खालचं रान साफ करून फरशी घालावी, असं चाकरमान्यांचं म्हणणं. गुरव अडून बसलेत. काय करावं? – एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : गुरवांचं ऐका. राईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, या धाकावरच आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी देवराया टिकल्या.

तुम्ही ज्याला ‘रान’ म्हणताय ती पुढची पिढी आहे. बकुळ, सातवीण, जांभूळ यांची रोपं पाचोळ्यातच रुजतात. तो झाडून जाळला, की रोपं जातात, माती उघडी पडते, आणि ऊन मिळताच रानमोडी हे उपद्रवी तण घुसतं. फरशीखाली पाणी मुरत नाही. राईखालच्या झऱ्याला त्याचा फटका बसतो. झाडाभोवती पार बांधून खोडावर माती चढवली, तर साल कुजते. विकायला काढलेला पोकळ बेहडा तर मुळीच तोडू नका. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी अशीच ढोली लागते.

आधी सातबारा पाहा. राई देवस्थानच्या नावावर असेलच असं नाही, बऱ्याचदा ती सरकारी निघते. खासगी असली तरी झाडतोडीला १९६४ चा कायदा आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून राईची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करून घ्या.

देऊळ पाडायची गरज बहुधा नसतेच. कुजलेले वासे-रिपा आणि फुटकी कौलं बदला. लाकूड मात्र बाहेरून आणा. वाट हवीच असेल तर जांभ्याचे चिरे सिमेंटशिवाय मातीत बसवा. देवीला कौल लावून तिची मर्जी विचारणार असाल तर ‘झाडं तोडू का?’ असं विचारण्याआधी ‘झाडांना हात न लावता दुरुस्ती करू का?’ हे विचारा. गावकीत अर्धं भांडण प्रश्नाच्या मांडणीवरच मिटतं.

प्रश्न : राईतल्या मोकळ्या जागी काय लावावं?

उत्तर : त्याच राईतलं बी. गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ नको. जांभळाचं बी गर काढून आठवडाभरात पेरा, सुकलं की रुजत नाही. सातविणीच्या शेंगा तडकण्याआधी उतरवा, नाहीतर बी वाऱ्यावर उडून जातं. रानमोडी भर पावसात, माती ओली असताना, फुलायच्या आत मुळासकट उपटा. कोयत्याने छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते.