दुखवट्याच्या वर्षी नाताळ करायचा का?

प्रश्न : सलाम ताई, आम्ही नगरचे. ऑगस्टमध्ये माझे सासरे प्रभूकडे गेले. दरवर्षी गच्चीवर नाताळचा तारा, म्हणजे दिव्याची चांदणी, तेच लावायचे आणि कॅरलवाली, म्हणजे नाताळची गाणी म्हणत घरोघरी फिरणारी पोरं येईपर्यंत रात्री जागायचे. आता माझी जाऊ, शेजारपाजार सगळे म्हणतात वर्षाच्या आत सण करायचा नसतो, तारा नको, फराळ नको. सासूबाई म्हणतात मी चर्चलाच येणार नाही, सगळे नवे कपडे घालून हसणार आणि मी तिथे काय करू. मुलगा आठ वर्षांचा आहे, तो विचारतो, मग यंदा येशूबाळ आपल्याकडे येणार नाही का? काय सांगू त्याला?

उत्तर : त्याला सांगा, येणार, आणि तुमच्याच घरी आधी येणार. हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाहीये, बायबलमधलं शुभवर्तमान काढून बघा ना. पहिल्या नाताळला कुणाचं घर सुखात होतं? येशूची आई मरिया नऊ महिन्यांची पोटुशी, रोमी सरकारच्या नावनोंदणीपायी नासरेथहून बेथलेहेमला आलेली, उतारशाळेत जागा नाही, बाळाला ठेवायला गव्हाण. नंतर हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला, मरियेचा नवरा योसेफ रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला निघाला, आणि मागे हेरोदाने बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली पोरं मारायचा हुकूम काढला. आपण नाताळच्या नाटकात हा भाग गाळतो, मला ते पटत नाही, कारण ज्या घरात कुणी गेलंय त्या घराला हाच भाग लागतो. देव आपल्यात राहायला आला तो असल्या दिवसांत आला, सगळं ठीकठाक झाल्यावर नाही.

सासूबाईंना लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय शेवटपर्यंत वाचून दाखवा, मेंढपाळांपाशी थांबू नका. पुढे हन्ना येते. लग्नानंतर सात वर्षांतच नवरा गेलेली, आता पार म्हातारी, यरुशलेमच्या मंदिरात उपास-प्रार्थना करत बसलेली. बाळाला मंदिरात आणलं तेव्हा ज्यांनी ओळखलं त्यांच्यात ही विधवा बाई आहे आणि ती गप्प बसली नाही, भेटेल त्याला त्या बाळाबद्दल सांगत सुटली. म्हणजे चर्चमध्ये सासूबाईंची जागा आहेच, आणि ती मागच्या बाकावरची नाही. नवी साडी नको असेल तर नका नेसवू, रडू आलं तर रडू द्या. पाळकसाहेबांच्या कानावर आधीच घाला, उपासनेत बाबांची आठवण काढून प्रार्थना करतील.

आता तारा. जावेशी वाद घालू नका, त्यांचंही दुःख आहे, आणि दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी फराळाचं ताट पाठवायचं ही आपल्याकडची पद्धत मला तर फार मायेची वाटते, आलेलं ताट आनंदाने घ्या. पण सण आणि उपासना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. २०२३ साली गाझात युद्ध चालू होतं म्हणून खुद्द बेथलेहेममध्ये चर्चच्या पुढाऱ्यांनी रोषणाई, मोठं झाड, मिरवणुकीचा थाट सगळं रद्द केलं, प्रार्थना मात्र झाल्या. तिथल्या लुथेरन चर्चने तर बाळ येशूला गव्हाणीऐवजी विटा-दगडांच्या ढिगाऱ्यात ठेवलं होतं. जन्मगावातच असा नाताळ झाला, मग तुमच्या घरी बिनलाइटिंगचा, बिनपार्टीचा झाला तर काय बिघडलं?

माझं मत विचाराल तर तारा लावाच, एकच, साधा. त्याखाली डीजे नको, एवढंच. कॅरलवाल्यांना आधी निरोप द्या की या, पण ढोलकी बाजूला ठेवून बाबांच्या आवडीचं एक गीत म्हणा आणि प्रार्थना करून जा. करंज्या करायची ताकद नसेल तर नुसता चहा द्या. आणि तारा मुलाच्या हातून लावून घ्या, आजोबा वायर कुठून घ्यायचे ते सासूबाईंना ठाऊक असेल, त्यांनाच विचारा.