आधी पहिली यायची, आता ग्राउंडवर जायलाच नको म्हणते

शाळांच्या क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की माझ्याकडे समुपदेशनाला एकच तक्रार घेऊन आईवडील यायला लागतात. मुलगी सातवीपर्यंत छान पळायची, जिल्ह्याला जायची, आठवी-नववीत काय झालं कुणास ठाऊक, मागे पडते, ग्राउंडचं नाव काढलं की पोट दुखतं. आणि पुढचं वाक्य तर ठरलेलंच, "आळशी झालीये मॅडम, मोबाइल सुटत नाही." इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच.

मागे एक बाबा मुलीला घेऊन आले. मुलींच्या शाळेत नववीला, 100 आणि 200 मीटर पळणारी. 14 वर्षांखालच्या गटात जिल्ह्यात पहिली आलेली आणि आता 17 खालच्या गटात तालुक्यालाच चौथी. बाबांनी वही आणली होती, निळ्या कव्हरची, दोन वर्षांतली प्रत्येक वेळ तारखेसकट लिहिलेली. मनापासून करणारा माणूस, रोज पहाटे स्टॉपवॉच घेऊन मैदानावर उभा राहायचा. 100 मीटरच्या 13.8 सेकंदांखाली लाल पेनाने दोन रेघा होत्या आणि शेवटच्या पानावर 14.5.

ती मात्र गप्प. टीशर्ट पुढे ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा.

पहिल्या दोन भेटी ती नुसतं "हो", "नाही" बोलली. तिसऱ्या भेटीत बाबांना बाहेर बसवलं आणि विचारलं, वेळ का वाढली असेल गं?

"मी संपले मॅडम."

"14.5 घड्याळाने सांगितलं. संपलीस हे कुणी सांगितलं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "मीच."

माझं सगळं काम याच एका जागी असतं. घडलेली गोष्ट वेगळी आणि आपण तिला लावलेला अर्थ वेगळा, आणि माणूस खचतो तो बहुतेक वेळा अर्थाने. पण अर्थ तपासायचा तर आधी गोष्ट पूर्ण माहीत पाहिजे, ती अर्धीच होती. मी तिला त्याच वहीत वेळांच्या शेजारी अजून एक रकाना आखायला लावला, उंची कधी किती होती, पाळी कधी सुरू झाली, गट कधी बदलला. तिने घरून शाळेच्या कार्डावरची उंची बघून आणली, दोन वर्षांत 9 सेंटिमीटर. रकाना भरला तेव्हा तिलाच दिसलं की वेळ बिघडायला लागली ते महिने आणि शरीर बदललं ते महिने एकच आहेत.

हे पालकांनी नीट समजून घ्या. या वयात उंची वाढते, कंबर रुंदावते, वजन वाढतं, आणि जुन्या शरीराला जमणारी पावलं नव्या शरीराला परत शिकावी लागतात. बऱ्याच मुलींची वेळ या काळात थांबते नाहीतर थोडी मागे जाते. वर गट बदलला की शेजारच्या लेनमध्ये दोन-तीन वर्षांनी मोठी मुलगी उभी असते, ते वेगळंच. यात आळस कुठे आला?

तरी मला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, जरा जागेवर पळून दाखव. ती पळाली आणि मला दिसलं, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली, खांदे पुढे, हात हलतच नव्हते. विचारलं, सर काही म्हणत नाहीत?

"म्हणतात ना, हात सोड, हात सोड. पण हात सोडले की सगळं हलतं मॅडम. शाळेत चालतं, आम्ही सगळ्या मुलीच. तालुक्याला कठड्यावर मुलं बसलेली असतात."

आणि रडली, पहिल्यांदाच.

एवढंच होतं ते! वर्षभर घरात, मैदानावर सगळे तिच्या पायांकडे बघत होते. पीटीच्या सरांना ती सांगू शकत नव्हती, बाबांना तर नाहीच, आणि आईला कुणी विचारलंच नव्हतं. मला इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकायला मिळालीये, की मुलीला "काय होतंय" विचारून ती सांगत नसेल तर करून दाखवायला सांगावं, शरीर खोटं बोलत नाही.

आईला बोलावलं. मापाची स्पोर्ट्स ब्रा ही चैनीची गोष्ट नाही, बुटांइतकीच गरजेची आहे हे त्यांना सांगितलं, आणि त्यांनी त्याच आठवड्यात घेतली. सोबत हिमोग्लोबिन तपासायला लावलं, ते कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 19 वयाच्या जवळपास 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलंय, म्हणून धाप लागणाऱ्या मुलीला ओरडण्याआधी तपासणी करा. मनाने लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नका. आणि खेळणाऱ्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही तर "बरंय, कटकट नाही" म्हणून सोडू नका, खाणं कमी पडत असेल, डॉक्टरांना दाखवा.

बाबांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. ते म्हणाले, "मग मी काय करू? मला तेवढंच येतं." मी म्हटलं, या, उभे राहा, फक्त 13.8 शी तुलना नको, ती वेळ दुसऱ्या शरीराची होती. माणदेशातली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली तेव्हा 27 वर्षांची होती, तुमची 14 ची आहे, घाई कसली?

ती परत मैदानावर जायला लागली. पहिल्या दिवशी बाबांचा फोन आला, स्टॉपवॉच नेऊ की नको? मी म्हटलं मला नाही, तिला विचारा. तिने सांगितलं, "आणा बाबा, पण मी विचारल्याशिवाय आकडा सांगायचा नाही."