बीआय टूल (कंपनीच्या डेटावरून आकडे आणि आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) आणलं, डॅशबोर्डही झाले, तरी सगळे एक्सेलच वापरतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की डॅशबोर्ड वेळेवर रिफ्रेश होतात, सगळ्यांचं प्रशिक्षण झालंय, तरी मीटिंगला प्रत्येक विभाग आपापली एक्सेल शीट घेऊन येतो आणि आता व्यवस्थापन त्या शीट बंदच करायच्या विचारात आहे. मी बरीच वर्षं डेटा वेअरहाउस (सगळ्या विभागांचा डेटा एकत्र साठवण्याची जागा) आणि रिपोर्टिंगचं काम करते. माझा सल्ला असा की शीट इतक्यात बंद करू नका. आधी त्या बनवणाऱ्यांच्या शेजारी बसून नीट वाचा.

बहुतेक शीटमध्ये शेऱ्यांचा एक कॉलम सापडेल. हा ग्राहक महिनाअखेरीला ऑर्डर टाकतो आणि पुढच्या आठवड्यात रद्द करतो, ही रक्कम दोनदा नोंदली गेली आहे, हा माल परत येणार आहे. सोर्स सिस्टिममध्ये, म्हणजे ऑर्डर आणि बिलं मुळात जिथे नोंदली जातात तिथे, अशा नोंदींना जागाच नसते. मग कोणीतरी हाताने दुरुस्त्या करून आकडा खरा करतं. तुमची ईटीएल, म्हणजे सोर्स सिस्टिममधून डेटा डॅशबोर्डपर्यंत आणणारी प्रक्रिया, मात्र दुरुस्तीच्या आधीचा आकडा उचलते. ज्याला खरं माहीत आहे तो डॅशबोर्ड एकदा पाहतो, आकडा चुकलाय हे त्याला लगेच कळतं आणि तो पुन्हा शीट उघडतो. याला बदलाला विरोध म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो माणूस तुमचं डेटा क्वालिटीचं काम विनामोबदला करतोय.

हे कोडं बीआयच्या आधीचं आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेतल्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या कोळसा खाणींवर एक लेख लिहिला. पूर्वी खाणकामगारांचे लहान गट सगळं काम आपसात सांभाळून करायचे. यंत्रं आल्यावर लाँगवॉल पद्धतीत (कोळशाची लांब भिंत सलग कापत जायची पद्धत) तेच काम तुकडे करून पाळ्यांमध्ये वाटलं गेलं. एका पाळीचं अर्धवट काम पुढच्या पाळीच्या गळ्यात पडू लागलं, गैरहजेरी वाढली आणि यंत्रांकडून अपेक्षित होतं तेवढं उत्पादन काही निघालं नाही. यंत्र आणि माणसांची कामाची घडी या दोन्हींची आखणी एकत्रच करावी लागते, हा विचार तिथून पुढे आला. डॅशबोर्डलाही तो तंतोतंत लागू पडतो, कारण कोणाचं काम कोणाला दिसणार हे डॅशबोर्डमुळे बदलतं.

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आपल्या विभागातली घसरण आपल्याआधी साहेबांना दिसते हे कळलं की माणसं आकडा सांभाळायला लागतात. 'वेळेवर डिलिव्हरी'वर लाल रंग दिसू लागला की ग्राहकाला मुळातच उशिराची तारीख दिली जाते. सगळं हिरवं होतं आणि ग्राहक आधीइतकाच थांबतो. म्हणून काम करणाऱ्यांना आकडा आधी दिसावा आणि कारण लिहायला वेळ मिळावा, एवढी सोय मी आग्रहाने करून घेते.

तुमच्या जागी मी एकच आकडा निवडला असता, समजा 'महिन्याची विक्री'. सेल्सवाले ती ऑर्डर आल्यावर मोजतात, अकाउंट्सवाले बिल निघाल्यावर आणि गोदामवाले माल बाहेर पडल्यावर. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांना एकत्र बसवून व्याख्या ठरवा किंवा तीन वेगळी नावं द्या. पण प्रत्येक व्याख्येची जबाबदारी एका माणसाकडे द्या, आणि तो आयटीतला नको. शेऱ्यांपैकी जे वारंवार येतात त्यांच्यासाठी सोर्स सिस्टिममध्येच फील्ड करून घ्या. काही महिने शीट आणि डॅशबोर्ड शेजारी शेजारी चालू ठेवा आणि प्रत्येक फरकाचं कारण शोधा. यातून डॅशबोर्डमधल्या चुका जशा निघतील तशाच शीटमधलेही जुने फॉर्म्युले चुकलेले सापडतील.

टूल कुठलं, पॉवर बीआय की टॅब्लो, याने इथे फारसा फरक पडत नाही. शीट कधी बंद करायची ते शीट बनवणाऱ्यालाच ठरवू द्या. तोपर्यंत यूसेज लॉग, म्हणजे कोण कोणता रिपोर्ट कधी उघडतं याची नोंद, बघत राहा. मीटिंगच्या आदल्या दिवशी कोणते रिपोर्ट उघडले जातात त्यावरून पुढचा आकडा कोणता घ्यायचा ते कळेल.