तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : कॅन्ससचा बिल स्नायडर

प्रश्न : मुलगा कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतो, तिथे स्टेडियमलाच बिल स्नायडर या कोचचं नाव आहे म्हणे. असं काय केलं त्यांनी? - एक आई, ठाणे

उत्तर : ताई, खूप काही केलं! हा अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळतात तो, आणि गाव मॅनहॅटन, पण कॅन्ससमधलं छोटंसं. 1987 आणि 1988 या दोन सीझनमध्ये टीमने एकही मॅच जिंकली नव्हती, अशा टीमकडे 1989 मध्ये स्नायडर आले. पहिल्या वर्षी 1 विजय, 10 पराभव, तोही एक विजय नॉर्थ टेक्ससविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी. मग 5, मग 7, आणि 1993 पासून सलग 11 वर्षं टीम बोल गेममध्ये, म्हणजे सीझननंतरच्या मानाच्या मॅचमध्ये. 1998 ची गोष्ट मात्र अजूनही जिवाला लागते, 11 पैकी 11 जिंकले आणि बिग 12 या त्यांच्या लीगच्या फायनलमध्ये चौथ्या क्वार्टरला 15 पॉइंटनी पुढे असून टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या टीमकडून डबल ओव्हरटाइममध्ये 36-33 हरले, काय वाटलं असेल त्या पोरांना! पण 2003 मध्ये त्याच फायनलमध्ये तोवर अजिंक्य असलेल्या ओक्लाहोमाला 35-7 असं लोळवलं. 2005 ला निवृत्त झाले, 2009 ला परत आले, 2012 ला पुन्हा 11 विजय, आणि 2018 ला थांबले ते एकूण 215 विजयांवर. मुलाला म्हणावं एक मॅच स्टेडियममध्ये जाऊन बघच.