सिनेमाचं नंतर बघू, आधी ती यूलिप तीन ठिकाणी लिहिलीत ती खोडा

पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. वय 38, आयटीत नोकरी, महिन्याला हातात 1 लाख 10 हजार, बायकोचा पगार 55 हजार, मुलगी 5 वर्षांची, आईवडील सोबत. होमलोन 42 लाख बाकी, हप्ता 39 हजार. एफडी 9 लाख. स्वतः लिहिलेली मराठी सायफाय फिल्म करायचीय, सगळी गोष्ट एकाच फ्लॅटमध्ये घडते, बजेट 15 लाख, आणि त्यासाठी वर्षभर नोकरी सोडायची. प्रश्न एवढाच की एफडी मोडू का होमलोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर आणखी कर्ज, घेऊ.

उत्तर देतो, पण खाली. कारण तुम्ही जोडलेल्या कागदावर तीन ओळी आहेत, तिन्हीत यूलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. इन्शुरन्स: यूलिप. मुलीचं शिक्षण: यूलिप. टॉप-अपची परतफेड: यूलिप, 3 वर्षांनी. अहो, ही एकच पॉलिसी आहे ना? वर्षाला 3 लाख प्रीमियम, दोन भरलेत. एकच पैसा तीनदा मोजलाय आणि तोही अजून तुमच्याकडे आलेला नाही.

बँकेतल्या आरएमने, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरने, सांगितलं 15 टक्के सुटतात, पाच वर्षांनी 23 लाख, टॅक्स फ्री. घरी पॉलिसीची फाइल असेल, त्यात बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचं, परताव्याचा अंदाज दाखवणारं पान आहे, तुमची सही पण आहे त्यावर. तिथे दोनच कॉलम असतात, 4 टक्के आणि 8 टक्के. 15 चा कॉलम नसतो, तो आरएमच्या तोंडात असतो. 8 चा धरला आणि चार्जेस गेले की 15 लाख भरून साधारण 17-18 लाख हातात येतील. आणि टॅक्स फ्री पण नाही, 1 फेब्रुवारी 2021 नंतर घेतलेल्या यूलिपचा वर्षाचा प्रीमियम अडीच लाखाच्या वर गेला की पैसे काढताना फायद्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागतो. तुमचा 3 लाख आहे. हे आरएमला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आता इन्शुरन्स. कव्हर प्रीमियमच्या दहापट, म्हणजे 30 लाख. लोन 42 लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर 30 लाख बँकेत भरूनही वहिनींच्या डोक्यावर 12 लाख राहतात, वर टॉप-अप घेतला तर 27. मुलीच्या शिक्षणाची ओळ तर आपोआपच पुसली गेली. टर्म पॉलिसी घ्या, म्हणजे नुसता विमा, गुंतवणूक नाही, दीड कोटीची, साठीपर्यंतची, सिगरेट नसेल तर वर्षाला पंचवीस हजाराच्या आतबाहेर बसेल, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी पण नाही. पण ती नोकरी असताना घ्या. विमा कंपनी सॅलरी स्लिप, टॅक्स रिटर्न मागते, राजीनामा देऊन "मी सध्या फिल्ममेकर आहे" असं फॉर्मवर लिहिलंत की दीड कोटी द्यायला कोणी पटकन तयार होत नाही. मेडिक्लेमचं तेच, वडिलांना शुगर आहे आणि ते तुमच्या ऑफिसच्या ग्रुप कव्हरमध्ये आहेत, नोकरी गेली की ते कव्हर गेलं, नवीन घेतलं तर आधीच्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

टर्मची पॉलिसी हातात आली की यूलिपचा तिसरा प्रीमियम भरू नका. आरएम म्हणेल प्रचंड नुकसान होईल. तिसऱ्या वर्षी बंद करण्याचा चार्ज जास्तीत जास्त 4 हजार आहे, खरं नुकसान पहिल्या दोन वर्षांच्या चार्जेसमध्ये होऊन गेलंय. उरलेले पैसे वेगळ्या फंडात जातात, किमान 4 टक्के मिळतात, पाच वर्षं पूर्ण झाल्यावर हातात. तेव्हा ते मुलीच्या नावाने ठेवा, फिल्मच्या नाही.

टॉप-अपचं गणित एका ओळीचं आहे. 15 लाख, 9 टक्के, 10 वर्षं, हप्ता 19 हजार. जुना 39. झाले 58, आणि नोकरी सोडल्यावर घरात येणार 55. अजून दूध, शाळा, औषधं काहीच धरलेलं नाही. म्हणून टॉप-अप नको आणि वर्षभराची सुट्टी पण नको.

तुम्ही प्रायमर या अमेरिकन सायफाय फिल्मचं उदाहरण दिलंत, 7 हजार डॉलरमध्ये झाली, 2004 ला सनडान्स फिल्म फेस्टिव्हलचं ग्रँड ज्युरी प्राइझ. बरोबर आहे. पण लेखन, दिग्दर्शन, मुख्य काम, एडिटिंग, म्युझिक सगळं एकाच माणसाने केलं, त्याची मजुरी त्या 7 हजारात नाही. तुमच्या बजेटमध्ये उलटंय, डायरेक्टर म्हणून स्वतःचे दीड लाख लावलेत आणि साउंडला 60 हजार! फिल्मची गोष्ट अशी की शेजारच्या खोलीतून आपलाच आवाज ऐकू येतो, आणि फ्लॅट सिंहगड रोडला, खाली पीएमपीच्या बस, समोर कुकरच्या शिट्ट्या. डबिंग करावं लागलं तर 60 हजार कुठल्या कुठे जातील. व्हीएफएक्सचे 4 लाख अर्धे करा आणि ते इकडे टाका. कोहेरन्स ही दुसरी सायफाय फिल्म दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रीत शूट झाली, तुमची पण एका फ्लॅटचीच आहे, साठलेली रजा आणि दोन लाँग वीकएंड पुरतील, एडिट रात्री घरी करा.

ओटीटीला 40 लाखाला सहज जाईल असं जो मित्र म्हणाला त्याला सांगा, आजच 20 लाखाला घे. सरकारी अनुदानाचं पण तेच, ते फिल्म पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, परीक्षणात पास झाल्यावर मिळतं, शूटिंगच्या खर्चाला उपयोग नाही. परत येणारी रक्कम शून्य धरा.

तर उत्तर. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना 84 हजार, सहा महिन्यांचे 5 लाख एफडीत राहू द्या. वरचे 4 लाख फिल्मला. वाचलेल्या प्रीमियममधून टर्म जाऊन पावणेतीन. झाले पावणेसात लाख, एवढ्यात बसेल अशी स्क्रिप्ट करा. तिसऱ्या प्रीमियमची तारीख तुम्ही लिहिली नाहीत, ती आज बघा. त्या तारखेच्या आधी टर्म पदरात पडली पाहिजे, आणि ती पडल्याशिवाय बँकेचा ऑटो-डेबिट बंद करू नका.